साडेतीन तासांची अमेरिका

पालमच्या बसस्थानकावर रेवणअप्पांनी एकतीस वर्षं वाहतूक नियंत्रकाची नोकरी केली. देवाखालोखाल त्यांचा विश्वास फक्त वेळापत्रकावर. पोचायच्या वेळेतून सुटायची वेळ वजा केली की उरतो तो प्रवास. याच्याबाहेर काही जग असेल, हे त्यांच्या गावीही नव्हतं.

लेक अनुपमानं अमेरिकेला शिकायला जायचं काढलं, तेव्हा महिनाभर त्यांनी घर डोक्यावर घेतलं. "लय लांब हाय," एवढाच धोशा. शेवटी पोरीनं विमानाच्या वेळांचा कागद पुढ्यात ठेवला. मुंबईहून दुपारी एक, सॅन फ्रान्सिस्कोला त्याच दिवशी साडेचार. अप्पांनी वजाबाकी केली आणि त्यांचा चेहरा खुलला.

"साडेतीनच तास! परभणीला जाऊन यायला तेवढेच लागतेत. जा बाई, खुशाल जा!"

आज पोर निघाली. एकच्या सुमाराला विमानात बसल्याचा फोन आला. त्यानंतर अप्पा घड्याळासमोरून हलले नाहीत. साडेचार झाले, पाच झाले. सहाला त्यांचा धीर सुटला. उशीर झालेल्या गाडीची चौकशी करायची तर त्यांना एकच जागा ठाऊक होती. बायकोला, मल्लम्माला, काही न सांगता त्यांनी चपला अडकवल्या आणि बसस्थानक गाठलं.

त्यांच्या खुर्चीत आता महारुद्र बसतो. माणूस गुणी. दुसरा कुणी पोट धरून हसला असता, तो हसला नाही. मोबाइलवर बघून हळूच म्हणाला, "अप्पा, तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा साडेबारा तास मागं हाय. विमानाला सोळा तास लागतेत. साडेतेरा हजार किलोमीटर हाय ते. पहाटं पाचला उतरंल पोरगी."

पोर सुखरूप होती. हायसं वाटायला हवं होतं, पण अप्पा त्या आकड्यापाशीच अडले. साडेतेरा हजार! परभणीच्या शंभरावर फेऱ्या! एवढ्या लांब त्यांनी खुशाल जा म्हणून लेक धाडली होती. आता मल्लम्माला कोणत्या तोंडानं सांगायचं?

घरी मल्लम्मा सुपात तूर निवडत बसली होती.

"अगं, चुकलं माझं," अप्पा दारातूनच म्हणाले. "साडेतीन न्हाई, सोळा तास लागायलेत."

"ठावं हाय," ती मान वर न करता म्हणाली. "पोरीनं तवाच सांगितलं होतं. मीच तिला गप बसवलं."

"का गं?"

"सोळा म्हणली असती, तर सोडलं असतं का तुमी?"

अप्पा भिंतीला टेकून खाली बसले. खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती.

"न्हाई. जलमात सोडलं नसतं."

मल्लम्मानं सूप बाजूला सारलं.

"मला तरी कुठं सोडायचं होतं वो?" ती म्हणाली, आणि महिनाभर दाबून ठेवलेलं रडू तिला आवरेना.