सायलीचे कागद कपाटात

घाटकोपरच्या आमच्या सोसायटीत कुणाचं काही अडलं की मला हाक मारतात. शाळा चौथीत सुटली, पुढचं वाचायला माझं मीच शिकले, आणि भांडायला शिकावं लागलं नाही. त्यामुळे किस्से लोणच्यासारखे मुरत पडलेत. यंदाचे सगळे शेजारच्या रमेशच्या मुलीचे, सायलीचे. तिने इंजिनीअरिंग सोडलं, पवईला नर्सिंगला नंबर लागला. पण तिच्या मूळ मार्कशीट आणि लिव्हिंग सर्टिफिकेट जुन्या कॉलेजच्या कपाटात. ते कागद दाखवले नाहीत तर नवी सीट जाणार.

*

जुन्या कॉलेजचा क्लार्क पाटकर म्हणाला, "उरलेल्या वर्षांची फी भरा, कागद घ्या."

"न शिकता?"

"सीट रिकामी राहिली ना, मावशी."

"अरे, एक इडली खाऊन उठलेल्या गिऱ्हाइकाची चप्पल ठेवून घेतात काय?"

*

रमेश आमच्या मालवणकडचा, गरीब गाय. ऑफिसात शिरला की हात जोडतो. "साहेब, उपकार होतील."

मी त्याचे हात खाली ओढले. "आपल्याच घराची चावी मागताना पाया पडतोस? सरळ उभा रहा रे."

*

मूळ कागद तपासून परत द्यायचे, ठेवून घ्यायचे नाहीत, हा सरकारी नियम मी छापूनच नेला. पाटकरने वाचलासुद्धा नाही. "आमचं कॉलेज प्रायव्हेट आहे."

"प्रायव्हेट गाडीला सिग्नल नसतो?"

मी म्हटलं, "बरं, कागद देत नाही एवढं लिहून दे."

त्याने पेनाला टोपण लावलं आणि चहाला गेला तो गेलाच.

*

पवईच्या प्रवेशाची शेवटची तारीख नेमकी दसऱ्याच्या आदल्या दिवशी. ऑफिसात सरस्वतीपूजन. रजिस्टरं, शिक्के, कपाटाच्या चाव्या, सगळं पाटावर, वर झेंडू.

"आज हात लावता येणार नाही," पाटकर म्हणाला. "पूजेतली वस्तू आहे. परवा या."

पवईचं काउंटर संध्याकाळी बंद. रमेश भिंतीला टेकला. सायली तर रडायचंही विसरली होती.

तेवढ्यात प्रिन्सिपल आरतीचं ताट घेऊन आले, मागे मुलांची गर्दी.

मी आवाज चढवला. "सर, पूजा कुणाची?"

"सरस्वतीची, मावशी."

"ह्या पोरीची सरस्वती त्या कपाटात कोंडलीय. तिला बाहेर काढा, मग मी टाळ्या वाजवते."

कोणी हसलं नाही. सगळी मुलं कपाटाकडे बघायला लागली.

"पाटकर, चावी काढ."

"सर, पूजेतली..."

"काढ म्हणतो ना."

कुलूप उघडलं तसा मागून एक मुलगा म्हणाला, "सर, माझेपण त्यातच आहेत."

*

रिक्षाने पवई गाठली. काउंटरवरच्या मॅडमनी सायलीचे कागद उलटसुलट पाहिले, कोपऱ्याला लागलेलं कुंकू नखाने खरवडलं आणि ड्रॉवर उघडला. "ठेवून जा. परवा घेऊन जा."

मी तोंड उघडणार, तर सायलीने कागदांवर पंजा ठेवला.

"बघा आणि परत द्या, मॅडम. मी इथेच उभी आहे."