शांताबाईंनी पाहिलेला मुलगा

हे सांगायचं मी वर्षानुवर्षं टाळलं. आज बाजारात शेवंतीचा वास आला आणि वलगावच्या फुलवाल्या शांताबाई आठवल्या.

अमरावतीत मी संमोहनाचे वर्ग घ्यायचो, तिथं त्या आल्या. त्यांचा मुलगा अकोल्यात आजारी होता. “मास्तर, इथूनच पाहून येऊ द्या मले त्याले,” म्हणाल्या. ओंजळभर शेवंती त्यांच्या नाकाशी धरून मी त्यांची तंद्री खोल खोल नेली. “देह इथंच राहू द्या. अकोला आलं. पोरगा जेवतोय,” मीच सुचवलं.

त्या हसत उठल्या. “जेऊन राह्यला होता जी! मंग आता कायले जाऊ?”

त्या अकोल्याला गेल्या नाहीत. आठवड्यात मुलगा वारला. पुढे भेटल्या तेव्हा माझेच हात धरून म्हणाल्या, “तुमच्यानं शेवटचं पाह्यलं त्याले.”

‘ते मीच रचून दाखवलं होतं, बाई, माफ करा,’ हे ओठांशी आलं. मी नुसती मान हलवली.