नाल्याकाठच्या डब्या

माझे मिस्टर मोजणी खात्यात सर्व्हेयर होते. नोकरीची बरीच वर्षं त्यांनी कुही-पारशिवनीच्या शिवारांत, धुऱ्यावर म्हणजे शेतांच्या बांधावर काट्याकुट्यांत बुजलेले हद्दीचे दगड शोधण्यात काढली. निवृत्तीनंतर दोन वर्षांनी काचबिंदू निघाला, तेव्हा डावा डोळा जवळजवळ गेलेला होता आणि उजव्यालाही समोरचं तेवढंच दिसत होतं, बाजूचं नाही. डॉक्टर म्हणाले, "गेलेली नजर परत येत नाही. आहे ती सांभाळायची." घराशी ऑटोतून उतरताना हे एवढंच म्हणाले, "मले तर काही दुखतही नव्हतं."

त्या हिवाळ्यात मुलगी पुण्याहून आली आणि तिने यांच्या फोनवर जिओकॅशिंगचं ॲप टाकून दिलं. कुणीतरी छोटी डबी लपवतं आणि तिची जागा ॲपवर टाकतं. आपण फोन पाहत तिथवर जायचं, डबी हुडकायची, आतल्या कागदावर नाव लिहायचं, होती तिथेच परत ठेवायची आणि ॲपवर "सापडली" अशी नोंद करायची. आमच्या वसाहतीमागून नाल्याच्या काठाने पायी फिरायचा आणि सायकलींचा रस्ता गेला आहे. त्यावर अशा सहा डब्या होत्या. आम्ही रोज त्यांच्या बाजूने जात होतो आणि आम्हाला पत्ता नव्हता.

पहिल्या चार यांनी महिनाभरात काढल्या. एक बाकाखाली लोहचुंबकाने चिकटवलेली, बोटाच्या पेराएवढी. एक लोखंडी कठड्याच्या पाईपात. फोन दहा-पंधरा फुटांपर्यंत नेऊन सोडतो, पुढचं काम डोळ्यांचं. हे उभे राहून मान हळूहळू फिरवत, जागेचा एकेक तुकडा पाहत. मी मधे बोललेलं चालत नसे. डबी हातात आली की म्हणत, "पाह्य वं, इथंच होती." घरी येऊन मुलीला फोन. त्या महिन्यात ते जेवताना बोलत.

पाचवी डबी एका रपट्याजवळ, म्हणजे नाल्यावरच्या बुटक्या फरशी-पुलाजवळ होती. तिच्यासाठी आम्ही सहा-सात सकाळी गेलो. हे दगडांवर हात फिरवत बसायचे, उठायचे, पुन्हा बसायचे. जाणारे-येणारे विचारत, "काका, काही हरवलं का?" एकदा मुंगळ्यांनी हात फोडून काढला. शेवटच्या दिवशी ते म्हणाले, "डबी असंन. मलेच दिसून नाही राहिली." त्यानंतर आठ दिवस ते फिरायला आले नाहीत.

मग मी ते केलं. दूध आणायला जाते म्हणून निघाले आणि रपट्याशी जाऊन दोन दगडांच्या मधली काळी डबी काढली. मला ती पाच मिनिटांत दिसली, हेच मला लागलं. ती मी वरच्या सपाट दगडावर, अगदी समोर ठेवली. घरी येऊन म्हटलं, "चला न, आज ऊन छान आहे." त्यांना ती सापडली. कागदावर सही करताना अक्षरं दुसऱ्यांच्या नावांवर चढली, पण चेहरा इतका खुलला होता, की मला वाईट वाटायला उसंतच मिळाली नाही. नियमाप्रमाणे त्यांनी डबी जिथे मिळाली तिथेच, त्या दगडावर ठेवली. संध्याकाळी मी एकटी जाऊन ती दगडांत सरकवून आले.

पंधरा दिवसांनी सहावीचंही तसंच केलं. ती करंजीच्या झाडाच्या ढोलीत होती, मी बुंध्याशी ठेवली. मात्र त्या संध्याकाळी कन्हानहून नणंद आली आणि मला निघता आलं नाही. दुसऱ्या दिवशी गेले, तर डबी कुणीतरी आधीच ढोलीत ठेवलेली होती.

हे आता फोन वाचत नसत, फोन त्यांना वाचून दाखवी. त्याच दुपारी मी स्वयंपाकघरात होते आणि तो सपाट आवाज मला ऐकू आला. ॲपवर कुणा सायकलवाल्याने लिहिलं होतं, "डबी झाडाखाली उघड्यावर पडलेली होती. ढोलीत मूळ जागी ठेवली. शोधणाऱ्यांनी काळजी घ्यावी." यांनी ते दोनदा ऐकलं.

"रपट्याजवळची पण तूच काढून ठेवली होती?"

मी हो म्हटलं.

"काहून?"

"तुम्ही घरातच बसून राहिले होते. मले पाहवत नव्हतं."

त्यांनी फोन बाजूला ठेवला. मग म्हणाले, "शेतातला दगड कोणी हातभर जरी सरकवला न, तरी मी ओळखायचो. माती सांगायची. आता तू डबी उचलून माह्यासमोर ठेवली तरी मले समजलं नाही." आवाज चढला नव्हता. चढला असता तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी माझ्याकडून ॲपवरच्या त्या दोन नोंदी पुसून घेतल्या आणि दोन्ही जागी "सापडली नाही" लिहायला लावलं. मी लिहिलं.

पुढे काही दिवस आम्ही नुसतेच फिरलो, त्यांचा हात माझ्या कोपराला. एकदा बाजूने आलेली सायकल त्यांना दिसली नाही. धक्का थोडाच लागला, पण सायकलवरच्या मुलीने घाबरून माफी मागितली तेव्हा हे तिला म्हणाले, "तुझी चूक नाही बेटा," आणि तिथूनच वळले. तो रस्ता सुटला तो सुटलाच.

पावसाळ्यानंतरच्या तपासणीत उजव्या डोळ्याची नजरही बरीच उतरलेली निघाली. मुलगी आता फोनवर डब्यांबद्दल विचारत नाही. मी मनाशी पुष्कळदा म्हणते, की ते करायला नको होतं. आणि त्या आठ दिवसांतला त्यांचा चेहरा आठवला की वाटतं, पुन्हा तसंच केलं असतं. यातलं बरोबर काय, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

बाहेर जाताना मी त्यांना सांगते, तीन पायऱ्या आहेत. ते मान हलवतात, कठडा धरून थांबतात आणि प्रत्येक पायरी आधी पायाने चाचपून पाहतात.