हरणीची साखळी

हे मी आजवर बायकोलाही सांगितलेलं नाही. बिबवेवाडीच्या गुलाबरावांची कारवानी कुत्री, हरणी, टेकडीवर मोकळी सोडली ती मी.

गुलाबरावांनी पहिल्या भेटीत माझं नावही विचारलं नव्हतं. माझा हात धरून चार बोटं हरणीच्या कमरेवरच्या दोन हाडांमध्ये टेकवली. "मावली? मावलीच पायजेत! बरगड्या दिसत्यात? दिसल्याच पायजेत!"

"अहो, उपाशी वाटते," मी म्हणालो.

"तुमच्या सदाशिव पेठेत कुत्रं म्हंजी लोड. ही पळायला जल्मलीया, साहेब!"

मग सुरूच व्हायचे. ही जात व्यापाऱ्यांच्या तांड्यांबरोबर, उंटांच्या सावलीतून, पार वाळवंटापलीकडून आली, म्हणून कारवान. "वास हुंगत बसत न्हाई. नजरंला ससा पडला, की सुटली!" सांगताना असे पेटायचे, जणू तांड्यात स्वतःही होते. पाठोपाठ हरणीच्या सात पिढ्या, गावांसकट, एका दमात. "कागदावर कुणीबी लिवतंय. तोंडपाठ पायजे."

माझं येणं-जाणं वाढलं, तसं एकदा लग्नासाठी दोन दिवस गावाला जाताना त्यांनी हरणी माझ्याकडे सोपवली. "माजावर हाय. साखळी सोडायची न्हाई. आलो की यशवंताच्या नराकडं न्यायचीय." यशवंतराव म्हणजे सोलापूरकडचे त्यांचे चाळीस वर्षांपासूनचे मित्र.

पण तिचा वेग मी नुसता ऐकलेला! सकाळी टेकडीवर कुणी नव्हतं. साखळी काढली. काय सुटली! पाठीची कमान, चारही पाय पोटाखाली गोळा, दुसऱ्या क्षणी सगळी हवेत लांबलेली! पन्नाशीचा मी एकटाच टाळ्या पिटत ओरडत होतो. हरणी झुडपांआड गेली. तासाभराने आली, तेव्हा मागे तांबडा गावठी कुत्रा होता. मी तिला पुसून काढलं आणि गप्प बसलो. ठरल्याप्रमाणे गुलाबराव तिला यशवंतरावांकडे घेऊन गेले.

पिल्लं सहा झाली. त्यातल्या दोघांची तोंडं रुंद, शेपट्या त्या तांबड्यासारख्या पाठीवर वळलेल्या. ती मांडीवर घेऊन गुलाबराव मला म्हणाले, "साहेब, साखळी सुटली नव्हती ना?"

"छे हो."

"बरोबर. तुमी कशाला खोटं बोलाल?" आणि त्यांनी माझ्यासमोरच फोन लावला. "यशवंता, तुझा नर चोख न्हाई. फसवलंस मला." पलीकडून "गुलाब, पोरांची शपथ..." एवढं मला ऐकू आलं. गुलाबरावांनी फोन कापला. मी चहा संपवला.

त्या दोन पिल्लांना मात्र त्यांनी टाकलं नाही. "त्यांचा काय गुन्हा?" म्हणत त्यांनाही मैदानावर पळवायचे, "भले रे वाघा!" म्हणून उड्या मारायचे. पिढ्या मात्र पुन्हा कधी म्हणून दाखवल्या नाहीत.

गेल्या वर्षी गुलाबराव गेले. दहाव्याला यशवंतराव आले, मांडवाबाहेर थोडं थांबले आणि कुणाशी न बोलता परतले. रिक्षा मीच थांबवून दिली. तेव्हाही बोललो नाही.

यशवंतरावांचा नर चोख होता. हे त्यांच्या दारात जाऊन, त्यांच्या घरच्यांसमोर सांगण्याचं देणं मी अजून त्यांना लागतो.