बेटावरचं आमचं केंद्र

नव्वदच्या दशकात मी कुवेतच्या एका लहानशा बेटावर वायरमन होतो. युद्धात तिथली वस्ती उठली, ती परत आलीच नाही. पडक्या घरांच्या शेजारी पत्र्याच्या सहा केबिनमध्ये आम्ही चाळीसेक माणसं राहायचो आणि सरकारी इमारतींची दुरुस्ती करायचो. बोट आठवड्यातून एकदा. केबिनमध्ये टीव्ही होते, पण त्यावर फक्त अरबी कार्यक्रम.

आमचे साइट इंजिनिअर नाशिकचे. एकदा कुवेत शहराजवळच्या अब्बासियातून ते व्हिडिओ प्लेयर घेऊन आले आणि मला म्हणाले, "एका खोलीत चाळीस जण कसे मावणार? सहाही केबिनमध्ये एकदम दिसेल असं करता येईल?"

मी असलं काम कधी केलं नव्हतं. "बघतो साहेब," एवढंच म्हणालो.

तीन आठवडे पडद्यावर नुसत्या मुंग्या. खाऱ्या हवेनं केबलचे जोड गंजायचे, मी पुन्हा सोलून बांधायचो. साहेबांनी एकदाही "कधी होणार?" विचारलं नाही. उलट पुढच्या बोटीनं सिग्नल वाढवणारा एक बूस्टर मागवला. मग एका शुक्रवारी सहाही केबिनमधून एकदम ओरडा ऐकू आला. चित्र दिसलं होतं.

पुढे साहेबांनी स्वतःचा व्हिडिओ कॅमेरा त्या केबलला जोडला. पहिला कार्यक्रम म्हणजे आमचा देवगडचा आचारी. तो कॅमेऱ्यासमोर डाव घेऊन उभा राहिला आणि त्यानं विचारलं, "आता सगळे माका बघतत काय?" बघत होते. त्यानं मान खाली घालून सांगितलं, "आज कुळथाची पिठी आसा," आणि निघून गेला. तेव्हापासून आम्ही आमच्या या टीव्हीला, दूरदर्शनसारखं, केंद्र म्हणू लागलो.

एका बोटीनं एक म्हातारे कुवेती गृहस्थ आले. त्यांचं घर आमच्या मेसच्या मागेच होतं, छप्पर कोसळलेलं. साहेबांनी त्यांना चहाला बोलावलं. ते चक्क हिंदी बोलू लागले, कारण तरुणपणी वडिलांच्या गलबतावरून मुंबईला जायचे. मेसमधला टीव्ही पाहून त्यांनी चौकशी केली. मग म्हणाले, "मेरा घर भी दिखाओ."

मी कॅमेरा घेतला. ते दगडांवरून पुढे चालले. "इधर मेरा माँ रोटी बनाता था. इधर हम सोता था, हवा समुंदर से आता था." त्या दिवशी सगळ्या केबिनमध्ये तीच टेप लागली. दोन वर्षं आम्ही त्या भिंतींजवळून ये-जा करत होतो, कुणाचं घर ते आम्हाला पहिल्यांदा कळलं. दुसऱ्या दिवशी गवंड्यानं तिथला आमच्या डेब्रिजचा ढीग न सांगता हलवला.

महिन्याभरानं ते मुलीला घेऊन आले. तिचं लग्नही त्याच घरातून झालेलं. मेसमध्ये बसून तिनं टेप पाहिली आणि मध्येच वडिलांना अडवलं. साहेबांना थोडं अरबी येत होतं. त्यांनी मला सांगितलं, "ती म्हणतेय, चूल उजवीकडे होती." बापलेकीचा चांगलाच वाद झाला. शेवटी दोघं उठून घरात गेली आणि काळी पडलेली भिंत शोधून आली. मुलगी बरोबर होती. म्हातारा हसत होता आणि डोळेही पुसत होता. टेप आम्ही त्यांना देऊन टाकली.

कंत्राट संपलं तेव्हा केबल मीच गुंडाळली. साहेबांनी शब्द टाकला म्हणून मला अब्बासियात डिश बसवणाऱ्या दुकानात काम मिळालं. त्यावर मी बारा वर्षं काढली, बायकोला आणलं, मुलीला शिकवलं.

दोन वर्षांपूर्वी नाशिकला जाऊन साहेबांना भेटलो. म्हणालो, "तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवलात, म्हणून हे सगळं झालं."

ते म्हणाले, "विश्वास कसला? मला वाटलं होतं, जमणार नाही तुला. पण तू रोज संध्याकाळी केबल सोलत बसायचास. तुला थांब म्हणायला जीभ रेटेना."