कॉलरच्या आतलं मोठं बटण

आमच्या शाळेच्या दारावर हातभर उंच अक्षरांत एक सुविचार रंगवलाय म्हणे. 'अंधत्व म्हणजे असमर्थता नव्हे' असं काहीसं. आम्ही साठ मुलं तिथंच राहायचो, पण तो एकानेही वाचला नव्हता. पाहुणे वाचून दाखवायचे. मग आम्ही दोन गाणी म्हणायचो, ते डोळे पुसायचे आणि फळं देऊन जायचे. एका दात्याने रंगपेट्या वाटल्या होत्या. वासाला बऱ्या होत्या.

कपड्यांची खोली बटणमावशींची. त्यांनी प्रत्येकाच्या कपड्यांना कॉलरच्या आत, मानेपाशी, बटणं शिवली होती. माझ्या कपड्यांना दोन शिंपल्याची, लंब्याला एक चपटं, चिमणीला तीन बारकी. नवीन मूल आलं की त्याला एकच मोठं, कोटाचं बटण. मानेला हात लावून ते लागलं की समजायचं, याला अजून इथली वाट ठाऊक नाही, हात धरायचा. वाट कळली की मावशी ते काढून त्याची स्वतःची खूण शिवायच्या. मला माझी मिळायला दीड महिना लागला, कारण मी हट्टी होते.

मी सहावीत असताना त्या खोलीतल्या दिव्याचं बटण वाजेनासं झालं. आधी मावशी आत शिरल्या की टक व्हायचं. आता पावलं यायची, कपाट उघडायचं, टक नाही. शिवाय त्या भिंतीला हात लावून चालू लागल्या. हे तर आमचंच चालणं. चार दिवसांत साठही जणांना कळलं, डोळे असलेल्या एकाही माणसाला कळलं नाही.

मी विचारलं तेव्हा त्यांनी दार लावून घेतलं. "बोलू नकोस कुठं. नोकरी गेली की ही मागची खोलीही गेली. मला दुसरं घर नाही."

"पण इथं तर सगळे..."

"शिकायला चालतात गं. पगाराला नाही."

त्याच महिन्यात अधीक्षकसाहेब नवे आले. त्यांना बटणं गबाळी वाटली. त्यांनी प्रत्येक कपड्याला शाईने नाव छापलेली पट्टी लावायला सांगितली. आंधळ्या मुलांसाठी छापील नावं! एवढी दूरदृष्टी आम्ही आधी पाहिली नव्हती. मावशींनी मुकाट्याने बटणं उसवली, पट्ट्या शिवल्या, आणि प्रत्येक पट्टीखाली दोऱ्याच्या गाठी मारून ठेवल्या. माझ्या दोन, चिमणीच्या तीन.

मग एक देणगीदार बाई आल्या. साहेबांनी त्यांच्यासमोर धुतलेल्या कपड्यांचं वाटप ठेवलं. मावशी एकेक कपडा उचलायच्या, पट्टीवरून अंगठा फिरवायच्या आणि हाक मारायच्या. "लंब्या, तुझा. चिमणे, ये." मी मोजत होते. एकही चुकला नाही. आम्हाला वाटलं, जिंकलो.

"कमाल आहे," बाई म्हणाल्या. "पट्ट्या तर कोऱ्या आहेत. ह्या वाचतात काय?"

शाई पहिल्याच धुण्यात गेली होती. हे ना आम्हाला दिसलं, ना मावशींना.

साहेब म्हणाले, "मावशी, माझ्या हातात काय आहे?"

"मला दिसत नाही, साहेब," मावशी म्हणाल्या. "दोन महिने होत आले." बाईंनी डोळे पुसले, फळं दिली आणि गेल्या. साहेबांनी मावशींना आठवड्याची मुदत दिली. त्या दिवशी मी जेवले नाही. लंब्याने माझंही खाल्लं, पण रडत खाल्लं.

पुढचं वाटप साहेबांनी स्वतः केलं. त्यांचे दोन्ही डोळे उत्तम. सकाळी सुरू केलेलं दुपारच्या घंटेपर्यंत संपेना. लंब्याच्या हातात चिमणीचा फ्रॉक आला, मला कुणाची तरी चड्डी, आणि सात जण उघडेच जेवायला गेले. आम्हाला गाठी ठाऊक होत्या, पण आम्हाला कुणी विचारलं नाही आणि आम्हीही आपणहून तोंड उघडलं नाही. संध्याकाळी साहेब मावशींच्या खोलीशी गेले.

"तुम्ही राहा," ते म्हणाले. "म्हणजे, सध्या तरी."

"राहते," मावशी म्हणाल्या. "तुमचा कोट मळलाय वाटतं, वास येतोय. द्या इकडे."

कोट धुऊन, इस्त्री होऊन साहेबांच्या अंगावर गेला, आणि बातमी जेवणाआधी साठही जणांपर्यंत पोचली. कॉलरच्या आत, मानेपाशी, एकच मोठं बटण आहे.

तेव्हापासून साहेब व्हरांड्यात आले की कुणी ना कुणी त्यांचा हात धरून त्यांना खोलीपर्यंत सोडायचं. पाहुण्यांना ते भरल्या गळ्याने सांगायचे, "मुलांचा माझ्यावर फार जीव आहे." सहा वर्षं होते ते आमच्याकडे. मावशींनी त्यांचं बटण शेवटपर्यंत काढलं नाही.