चंद्राची टोपी

शेजारची सायली दगड झाली, असे आमच्या इमारतीत म्हणतात. आषाढात तिचा थोरला भाऊ गेला आणि भाऊबीजेला तिने चुलतभावाला ओवाळायचे नाकारले, एवढाच त्यांचा पुरावा. म्हणणाऱ्यांनो, त्या संध्याकाळी गच्चीवर मी होतो, तुम्ही नव्हतात. भाऊ नसलेल्या बहिणी चंद्राला ओवाळतात, हे मला ठाऊक होते. पंधरा वर्षांची मुलगी चंद्राला दटावते, हे ठाऊक नव्हते. ताम्हण उचलून ती त्या बारीक चंद्रकोरीला म्हणाली, "दादा, टोपी कुठाय? दरवर्षी सांगायचं का रे?" आणि खरोखरच थांबली. एवढे अफाट आभाळ, पण त्या क्षणी ते तिच्या धाकात उभे होते. मी कोणापुढे वाकत नाही. तरी खांद्यावरचे उपरणे नकळत डोक्यावर घेतले. मग तिने चंद्राला ओवाळले.